नॉर्वेला जायला एक वाघूर कमी

नागभीडजवळून, दि. ११ जानेवारी २००२

तीर्थस्वरूप भागीरथा आत्याबाई आणि मामाजी यांना निकेशचा पाया पडून नमस्कार.

पत्राला उशीर झाला हे आधीच कबूल करून टाकतो. दिवाळीपासून चारदा सुरू केलं. पहिल्यांदा शाई संपली. ती आणायला नागभीडला गेलो, तर स्टेशनवर नागपूरची छोटी गाडी उभी होती. ती इतकी हळू निघाली की चढलो नसतो तर तिचा अपमान झाला असता. (शाई चौथ्या दिवशी आणली.) पुढच्या दोन खेपांचं सांगत नाही, त्यात माझीच चूक दिसते.

तुझे गुडघे कसे आहेत? मामाजींचा खोकला गेला का? डिंपलची दहावीची तयारी बरी चालली असेल. हे पत्र तुला तीच वाचून दाखवत असणार. (डिंपल, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही. ते तुझ्यामाझ्यात.)

तर मी नॉर्वेला जाऊन राह्यलो, ही बातमी तुमच्या मुलचेऱ्यापर्यंत पोचली असेलच. ती खोटी आहे. म्हणजे अजून खरी नाही. झालं असं, की श्रावणात मी स्टेशनवर भजी खाल्ली आणि हात पुसायच्या आधी भज्यांचा कागद वाचला. (कॉलेज सुटलं तरी वाचायची खोड सुटली नाही.) तेलाच्या डागाखाली छापलं होतं, की नॉर्वेच्या एका संस्थेला गोड्या पाण्यातल्या माशांवर दोन वर्षं अभ्यास करायला माणसं पाहिजेत. शिष्यवृत्ती मिळेल, पदवीची अट नाही, उमेदवार तळ्याकाठी वाढलेला असावा. आत्याबाई, मी आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या तरी अटीत बसलो!

नबीलच्या फोटो स्टुडिओत अर्ज टाइप केला. नबील म्हणाला, "भाऊ, अनुभवात काय लिहू?" मी म्हटलं, सगळं लिही. सिरोंच्याला सहा महिने नावेवर होतो, नाटक कंपनीत पडदा ओढला, कोरपन्याला कापूस मोजला. तो म्हणाला, "ये अर्ज है का पोलीस को जबाब?" मग आम्ही ते सगळं खोडलं. पानभर जागा रिकामी राहिली, आणि त्या रिकाम्या जागेनं माझा घात केला. मी लिहिलं, "आमच्या जुन्या मालगुजारी तलावात एकवीस जातींचे देशी मासे आहेत. कोणीही यावं, मी एकवीसही जिवंत दाखवतो."

त्यांचं उत्तर आलं. त्यांच्या एक बाई वीस जानेवारीला येऊन बघणार आहेत. एकवीस दाखवले तर मी जाणार, नाही तर नाही. इतकं सरळ.

मी सिमेंटचा मोठा टब हे उत्तर यायच्या आधीच आणला, अंगणात कडुनिंबाखाली ठेवला, वर फळी टाकली. बारा दिवस जाळं, गरी, हात, जे जमेल त्यानं मासे धरले. ज्या दिवशी एकविसावा टबात पडला, त्याच दिवशी पोस्टमननं परदेशी शिक्क्याचं ते पाकीट आधी चहाच्या टपरीवर दाखवलं आणि मग मला दिलं. संध्याकाळपासून पाहुणे सुरू.

आता आपल्या घराची रीत तुला मी काय सांगावी! ढिवराच्या घरचा पाहुणा मासा खाल्ल्याशिवाय उठला तर तलाव रुसतो, हे आजा सांगून गेला, आणि आई आज्याचं ऐकते, माझं नाही. आणि घरात जिता मासा वळवळत असताना बाजारचा आणणं म्हणजे तर नाक कापणं. मी लाख सांगितलं की हे मासे खायचे नाहीत, अभ्यासाचे आहेत. आई म्हणाली, "अभ्यास करून झाला असन तं दे." पहिल्या रात्री मरळ गेली. दुसऱ्या दिवशी शिंगूर. जो येतो तो म्हणतो, "पोरानं नाव काढलं हो," आणि माझी एक जात कमी करून जातो. चार चुलते मिळून आले त्या दिवशी मी सात जातींनी मागे पडलो.

सगळ्यात मोठा घाव मच्छीमार सोसायटीच्या लटारूभाऊनं घातला. हिवतापातून उठलेला माणूस, काठी टेकत आला. आईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि टबातला एकुलता वाघूर काढला, कारण आजारातून उठलेल्याला वाघूर मासाच द्यायचा, ही रीत. लटारूभाऊनं काटे चोखत मला विचारलं, "तिकडं बरफ रायते म्हन्तेत. मंग मासे गोठलेच असतीन. तू धरशीन कायनं, कुऱ्हाडीनं?" मी त्याच्या ताटातल्या काट्यांकडे बघत होतो. परीक्षेचा पेपर कोणी समोर बसून खाताना तू पाहिला आहेस का?

पण आत्याबाई, मी हटलो नाही. तीनदा टब रिकामा झाला, तीनदा भरला. रोज पहाटे गळ्याइतक्या गार पाण्यात उतरतो. आजपर्यंत मी सगळंच अर्ध्यात सोडलं, हे तू माझ्या तोंडावर म्हणालीस आणि खरं म्हणालीस. हे मात्र सोडणार नाही. कारण पाण्यात उतरल्यावर कळलं, की लहानपणी हातानं धरायचो ते मासे आता शोधावे लागतात. तलावात विकतचं माशांचं बीज टाकतात, देशी जाती कोपऱ्यात गेल्या. त्या परत कशा आणायच्या हे कुठं शिकायला मिळत असेल तर मला ते शिकायचं आहे, मग ते नॉर्वे असो की चांदा.

आज टबात वीस जाती आहेत. एक कमी आहे. थोरांना दंडवत, लहानांना एकेक गालगुच्चा.

तुझा,
निकेश

ता. क. : खरं काम आता लिहितो. कमी आहे तो वाघूर. इथल्या तीन तलावांत शोधला, नाही. तुमच्या शेतातल्या लहानशा बोडीत तो असतो हे मला माहीत आहे. दुसरा मासा वाटेत मरेल, पण वाघूर ओल्या फडक्यात गुंडाळला तर दोन गाड्या बदलूनही जिवंत येतो. एकच धर आणि मूलच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती दे. वीस तारखेच्या आत.

ता. क. २ : राग मानू नको, पण वाघूर पाठव, तू येऊ नको. तू आलीस तर आई तुझ्यासाठी टबात हात घालणार, आणि एक आला, एक गेला, हिशेब तिथंच. (डिंपल, हे वाक्य वाचताना खोकला काढ.)

ता. क. ३ : पाकीट चिकटवायला भात शोधत होतो, एवढ्यात अंगणात कोण आलं म्हणतेस? तूच आलीस. डिंपलला घेऊन, डोक्यावर डबा. तू ओसरीवर आईशी बोलून राह्यली आणि मी इथं आत बसून तुलाच लिहून राह्यलो, कारण बाहेर यायची हिंमत नाही. डब्यात काय आहे ते तू आल्या आल्या ओरडून सांगितलंस. वाघूर. दोन. तळलेले. "इमानात पोराले कोन जेवाले देते? म्हनून शिदोरी आनली!"

आई विळा घेऊन टबाकडे निघाली आहे. पहिली दोन पानं बाहेर खाटेवर होती, ती डिंपलनं उचलली आणि मोठ्यानं वाचायला घेतली. कंसासकट. आत्ता 'येऊ नको' झालं. खोकला तिनं काढला नाही.

फटीतून बघतो आहे. आत्याबाई, तू उठलीस, तुझे ते गुडघे धरत टबापाशी गेलीस आणि सरळ फळीवर बसलीस.

"वहिनी, मले चटनी-भात वाढ. या टबातला मासा कोन काढते, पाहू दे मले. अन् तो निक्या कुठी लपला? त्याले म्हनाव जाळं काढ. वाघूर चिखलात कुठी बसते ते त्याच्या बापाले मीच शिकवलं व्हतं."

आलो.