शेवटच्या पंख्याखालून

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे सध्या आठांपैकी पाचसहाच अंगं वाकतात. उरलेली वाकली असं समजून घे. लहानपणापासून घरात समजूतदार म्हणून तुझंच नाव आहे.) तुझं ब्लडप्रेशर आता खाली आलं असेल. नसेल आलं, तर हे पत्र आधी वहिनीच्या हातात दे, ती तुला झेपेल तेवढंच वाचून दाखवेल. तिची पाठ कशी आहे? भाचीची नवी नोकरी कशी चालली आहे? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, फक्त घरात चालायला जागा नाही. ती का नाही, ते पुढे येईलच.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू दर वाक्याला "हं, मग?" म्हणतोस. तिसऱ्या "हं, मग?"ला मी सांगायचं असतं ते सोडून भलतंच काहीतरी सांगून मोकळी होते. पत्राला तसं म्हणता येत नाही. तेव्हा चहा घेऊन निवांत बस आणि मधूनमधून मान हलव.

दादा, आपलं वाचनालय बंद झालं. एक दिवस गेले तर दारावर नगरपालिकेचा कागद चिकटवलेला. निधीची कमतरता आणि वाचकांचा अल्प प्रतिसाद, म्हणून महिनाअखेर टाळं. (चौकातल्या कारंज्याला रंगीत दिवे लावायला मात्र निधी होता. कारंज्यात पाणी नाही, पण कोरडं कारंजं आता निळं, हिरवं आणि जांभळं दिसतं.) तो कागद मी तिथेच उभी राहून दोनदा वाचला. तुला हसू येईल, पण आई गेल्यानंतर मला एवढं पोरकं कधी वाटलं नव्हतं.

तुला आठवतं ना, आई आपल्याला तिथे का पाठवायची? विद्येच्या ओढीने मुळीच नव्हे. खालच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान, जमिनीवर टाचण्या, टेबलावर कात्री, आणि गिऱ्हाइकांच्या ब्लाउजपिसांचे झेंडे करून आपण दोघं लढाया खेळणार. एकदा तू कुणाच्या तरी नव्या पडद्याची पाठीवर झूल करून जिन्यावरून उडी मारलीस आणि त्याच दुपारी आईने आपल्याला धरून वाचनालयात नेऊन बसवलं. काऊंटरवरच्या बाईंना म्हणाली, "ह्यांना संध्याकाळपर्यंत ठेवून घ्या. पुस्तकं दिली नाहीत तरी चालेल." त्या बाई म्हणजे आपल्या शूबाई, तेव्हा जेमतेम विशीच्या. (नाव तूच ठेवलंस. त्यांच्या तोंडावर कुणी घेतलं नसेल, पण त्यांना ते पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं, हे त्यांनीच मला आता सांगितलं.) काय ते त्यांचं शू! खुर्ची सरकवली तर आखूड, कुजबुजलं तर मध्यम, आणि तू मोठ्या नकाशांच्या पुस्तकाआड लपून हेरकथा वाचता वाचता खुदकन हसलास की लांबलचक, प्रेशर कुकरसारखं. त्या लांब शूला मुलं तर गप्प व्हायचीच, बाहेरचा टांगेवालाही घोडा थांबवायचा, असं तू आईला सांगितलं होतंस. आईने विश्वास ठेवला, कारण शूबाई ब्लाउज शिवायला आल्या की आईसुद्धा मशीन हळू चालवायची.

आणि ते पंखे! बंद व्हायची वेळ झाली की शूबाई ना घंटा वाजवायच्या, ना "चला, उठा" म्हणायच्या. पार टोकाचा पंखा बंद करायच्या. त्याखालची माणसं पुस्तक न मिटता खुर्चीसकट पुढच्या पंख्याखाली सरकायची. मग तो बंद. पुन्हा सगळे पुढे. शेवटी दाराजवळच्या एकाच पंख्याखाली एकमेकांच्या कोपराला कोपर लावून अख्खं वाचनालय गोळा व्हायचं. पोस्टमन, कॉलेजातल्या मुली, आपल्या बायकोशी अबोला धरलेला तो तपकिरी कोटवाला, आणि मधोमध तू. शूबाईंचा हात शेवटच्या बटणावर गेला की तू मान वर न करता म्हणायचास, "एकच पान राहिलंय." रोज एकच पान राहायचं तुझं. आणि रोज त्या हात खाली घेऊन मुकाट्याने उभ्या राहायच्या. तुझ्या त्या एका पानाच्या नावावर सगळेच आपापली दोनचार पानं उरकून घ्यायचे. मी तेव्हा वाचत नव्हते, खरं सांगायचं तर मला चित्रांपलीकडे फारसं कळतही नव्हतं. पण तो एक पंखा, त्याखाली गप्प बसलेली एवढी माणसं, आणि दारातून आपल्याला न्यायला आलेली, गळ्यात टेप अडकवलेली आई, हे मला अजून डोळे मिटले की दिसतं.

असो. मुद्द्यावर येते. कागद वाचून मी गप्प बसणार नाही हे तुला सांगायला नकोच. शूबाई (त्या अजून तिथेच होत्या, निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत, केस पांढरे, शू तसंच काळंभोर), समोरचा न्हावी आणि मी असे तिघं नगरपालिकेत गेलो. तिथे कळलं की एक साहेब पाहणीला येणार आहेत आणि वाचक खरंच आहेत असं दिसलं तर फेरविचार होऊ शकतो. परत येताना रस्त्यात मला कल्पना सुचली. (हो, मलाच. आमचे हे म्हणतात की मला कल्पना सुचली की त्यांना आधी घराचा विमा आठवतो.) कल्पना अशी, की साहेब येण्याआधी वाचनालयातलं पुस्तकन् पुस्तक लोकांनी वाचायला न्यायचं. एकही शिल्लक ठेवायचं नाही. मग वाचक नाहीत असं म्हणण्याची कुणाची छाती आहे?

शूबाई आधी तयार होईनात. एका कार्डावर दोनच पुस्तकं, हा नियम त्यांनी स्वतःच्या सख्ख्या भावासाठीही कधी मोडला नव्हता. पण शेवटी "बुडत्याला काडीचा आधार" म्हणाल्या आणि शिक्का उचलला. दादा, काय गर्दी झाली! लोक बाजाराच्या पिशव्या घेऊन आले, हातगाड्या घेऊन आले. न्हाव्याने कवितांचं अख्खं कपाट नेलं. त्यानंतर त्याच्याकडे दाढीला बसलेला माणूस दाढी झाली तरी उठेना आणि मागचा चिडायला लागला. दाताच्या डॉक्टरने हेरकथा नेल्या. कुणालाच नको असलेली सगळी पुस्तकं, म्हणजे मधमाशीपालन, जहाजबांधणी, गेल्या राजवटींचे कायदे आणि तुझं ते नकाशांचं पुस्तक, ती, कल्पना माझी असल्यामुळे, माझ्या घरी आली. दुसऱ्या दिवशी कपाटं लख्ख रिकामी. आम्ही तिघं निकालाच्या दिवशी शाळेच्या दारात थांबावं तसे साहेबांची वाट बघत उभे.

साहेब आले. तरुण, सभ्य, हातात पाण्याची बाटली. रिकाम्या कपाटांमधून एक फेरी मारली. त्यांच्या बुटांचा आवाज असा घुमत होता की शूबाईंच्या ओठांवर येऊन थांबलेलं शू मला स्पष्ट दिसलं. "पुस्तकं कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. मी छाती काढून पुढे झाले आणि सांगितलं, सगळी लोकांनी नेली, एकसुद्धा उरलं नाही. साहेब क्षणभर विचारात पडले. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, जिंकलो. ते म्हणाले, वाचनालय बंद करण्यात सगळ्यात मोठी अडचण पुस्तकं हलवण्याची आणि ठेवण्याची होती, तेवढ्यासाठी काम अडलं होतं. ते नागरिकांनी स्वयंस्फूर्तीने पार पाडलं, त्याबद्दल नगरपालिकेतर्फे त्यांनी आमचे आभार मानले. न्हाव्याशी हातही मिळवला. महिनाअखेरपर्यंतही थांबले नाहीत, पुढच्या सोमवारीच कुलूप लागलं.

करायला गेलो काय अन् उलटे झाले पाय! वाचनालय वाचवायचं म्हणून आम्हीच ते झाडून पुसून साहेबांच्या हवाली केलं. मी घरी येऊन स्वयंपाकघरात रडले. हे दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कल्पना वाईट नव्हती. साहेब वाईट निघाला." एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या कल्पनेबद्दल ते इतकं चांगलं प्रथमच बोलले.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुस्तकं परत करायची तारीख आली आणि परत करायला वाचनालयच नाही. आपले लोक प्रामाणिक. (किंवा त्यांच्या बायकांना कपाटं मोकळी हवी होती.) सगळे पुस्तकं घेऊन माझ्या दारात. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! जिन्यावर पुस्तकं, पलंगाखाली पुस्तकं, फ्रिज उघडायचा तर आधी इतिहास हलवावा लागतो. आमच्या ह्यांची सगळी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेली, त्यांना माणूस दिसला की आधी वजन दिसतं. ते रोज जमिनीला कान लावतात आणि स्लॅब बोलतो आहे म्हणतात. हॉलच्या दारावर त्यांनी लिफ्टमधली क्षमतेची पाटी आणून लावली आहे. त्याप्रमाणे आम्ही दोघं एका वेळी हॉलमध्ये बसू शकत नाही. (परवा मात्र त्यांना मधमाशीपालन वाचताना मी रंगेहाथ पकडलं. वजनाचा अंदाज घेत होतो म्हणाले. चष्मा लावून?)

आणि शूबाई! त्यांना घरी बसवेना. रोज कामाच्या वेळेला डबा घेऊन येतात, आमच्या जिन्यावर पुस्तकांच्या गठ्ठ्याशेजारी बसतात, आणि हे मोठ्याने शिंकले की त्यांना त्यांच्याच घरात शू करतात. लोक येतात, पुस्तक मागतात, त्या शिक्का मारतात. शिक्का त्यांनी पर्समध्ये घालून आणला होता. नगरपालिकेने मागितला नाही आणि त्यांनी आठवण केली नाही.

असं सगळं आहे. तू कशाचीही काळजी करू नकोस, आमचं छान चाललं आहे, तुझ्याकडून मला काहीएक नको. वहिनीला नमस्कार, भाचीला आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझी धाकटी

ता. क. एक बारीकसं राहिलं. खालची आईच्या दुकानाची खोली तू मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने द्यायचं कबूल केलं आहेस, खोली आपल्या दोघांच्या नावावर आहे, आणि माझी हरकत नाही असं मीही तुला फोनवर म्हणाले होते. (तिसऱ्या "हं, मग?"ला.) तर माझी हरकत आहे. तिथे पुस्तकं ठेवू दे. तळमजल्याला स्लॅबची भीती नाही, असं एका तज्ज्ञाचं मत आहे.

ता. क. दुसरा. तू हो म्हणशील याची खात्री असल्यामुळे पुस्तकं कालच खाली नेली, वरचं घराचं आणि जिन्याचं वर्णन परवापर्यंतचं समज. आईच्या कापायच्या टेबलावर आता लोक वाचत बसतात. कव्हरवाला मापं घ्यायला आला होता, पण फोनवर मोठ्याने बोलत आला. शूबाईंनी त्याला लांब शू दिलं. तो मापं न घेता गेला, जाताना जहाजबांधणी घेऊन गेला.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. वर लिहिलेलं "तुझ्याकडून काहीएक नको" खोटं आहे. हे पत्र मी खालच्या खोलीतच बसून लिहिते आहे. इथे पंखा एकच, आईच्या मशीनवरचा. तुझ्या वहीतल्या गणितांची पानं उडवायचा तोच. संध्याकाळ झाली आहे आणि सगळे त्याखाली कोपराला कोपर लावून बसले आहेत. मघाशी शूबाई बटणापाशी गेल्या आणि थांबल्या. कुणी काही म्हणेना. त्या बटणाकडे बघत राहिल्या, आणि मला एकदम कळलं की त्या कशाची वाट बघत आहेत. मी म्हटलं, "एकच पान राहिलंय." माझ्या हातात पुस्तक नव्हतं, हे पत्रच होतं. त्यांनी हात खाली घेतला. म्हणून पत्र एवढं लांबलं. आता हेही पान संपत आलं आहे आणि त्या अजून उभ्या आहेत. दादा, तू ये. तुझी खुर्ची मधोमध रिकामी ठेवली आहे.