प्रफुलचं हसरं तोंड

हर्षा,

मी पहिल्या गाडीनं नागपूरले, प्रफुलच्या होस्टेलवर चालली. तू झोपली होती म्हणून उठवलं नाई. गंजात वरण शिजवून ठेवलं हाय, पोळ्या तेवढ्या टाकून घेजो. बाबांनी विचारलं तर सांगजो, आई सेवाग्रामच्या दवाखान्यात इंदिरामावशीले पाहाले गेली. खरं सांगशील तर ते फोन करून पुन्हा त्याच्यावर चिडतील, निकालाच्या दिवशी चिडलते तसेच.

तू मले मोबाइलवरचं सारं शिकवलं. जीएन म्हणजे झोपतो, टीसी म्हणजे काळजी घे, दोन टिंबं अन् कंस म्हणजे हसरं तोंड. निकाल लागल्यापासून त्याच्याकडून एवढंच येऊन राह्यलं. जेवला का म्हणून विचारलं, तर हसरं तोंड. फोन काऊन उचलत नाई म्हणून विचारलं, तरी हसरं तोंड. आधी मेसच्या भाजीले नावं ठेवल्याशिवाय त्याचा एक मेसेज पुरा होत नव्हता. आता भाजीबद्दल एक अक्षर नाई. नापास झालेलं पोरगं इतकं हसते का वं?

डब्यात त्याच्यासाठी वांग्याची भाजी अन् भाकर घेतली हाय. मोबाइल घरीच चार्जिंगले लावून ठेवला. त्याचा मेसेज आला तर काहीबाही लिहून देजो, पन मी निघाली हे सांगू नको. नाई तर मी पोचायच्या आधीच तो हसरं तोंड करून फाटकापाशी उभा राहीन.

आई