सांधलेला स्टोलन

आई,

तुमची झोप मोडायला नको म्हणून न उठवताच आम्ही निघतोय. तुमचा आर्न्ट मला हॉस्पिटलात सोडून दुपारी परत येईल.

तुमच्या कांदा-मधाच्या पाकानं खोकला गेला. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन पुढे ढकलायला नको. त्या वासावरून मी एवढी कटकट केली, तरी तुम्ही रोज नवी बरणी भरून ठेवलीत.

आणि एक. परवा ओव्हनमधून काढताना नाताळचा स्टोलन केक मधोमध तुटला, ते मी जिन्यातून पाहिलं. स्टोलन तुटला की वर्षात घरातलं माणूस जातं, हे मीही लहानपणापासून ऐकलंय. तुम्ही घाईघाईनं लोणी लावून तो सांधलात, वर पिठीसाखर थापलीत आणि मला म्हणालात, "यंदा साखर जरा सढळ हातानं घातलीय." एरवी चहातली साखरसुद्धा तुम्ही मोजून घालता.

सुनेसाठी इतकं कच्चं खोटं कुणी बोललं नसेल. फार बरं वाटलं.

तो फडक्यात गुंडाळून थंड खोलीत ठेवा. नाताळला मीच कापणार. नाहीतरी आपण मधूनच कापायला घेतो. सुरी बरोबर सांध्यावर ठेवेन, कुणाला कळणार नाही.

तुमची,
थेक्ला