नळी अर्धीच भरली होती, याबाबत खुलासा

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
गोदाकाठ धर्मादाय रुग्णालय, नांदेड.

विषय : कामाची जागा सोडल्याबद्दल खुलासा व दोन दिवसांची रजा मिळणेबाबत.
संदर्भ : आपली दि. २० ऑगस्ट २००२ ची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार शेख नाझनीन मकसूद ही आपल्या रुग्णालयात आठ वर्षांपासून रक्त तपासण्याचे काम करते. दि. १२ ऑगस्ट रोजी तिने कोणासही न विचारता प्रयोगशाळा सोडली व वॉर्डात जाऊन डॉक्टरसाहेबांशी वाद घातला, असे नोटिशीत म्हटले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

२. त्या सकाळी उमरीची ऋतुजा ही बारावीची मुलगी दाखल झाली. शिकवणीला सायकलवर जाताना टेम्पोची धडक बसून डोक्याला मार लागला होता. तपासणीत तिचे रक्त गोठायला एकोणतीस सेकंद लागले; निरोगी माणसाचे तेरा सेकंदांत गोठते. डोक्याला मार लागलेल्याचा हा आकडा पंचविसाच्या वर गेल्यास वाचण्याची आशा फार थोडी, असा तक्ता जूनपासून वॉर्डात लावला आहे. अर्जदाराने सही करून रिपोर्ट वर पाठवला.

३. पाऊण तासाने मुलीची आई तुळजाबाई खिडकीशी आली. "बाई, लेकराला घरी न्या म्हनून राहिलेत. तुमच्या कागदात असं काय लिवलंय?" अर्जदाराला तिच्याकडे पाहवेना, म्हणून तिने उगाच समोरची, ऋतुजाच्याच रक्ताची नळी उचलली. नळी खुणेपर्यंत भरलेली नव्हती, जेमतेम निम्मी होती. नळीत रक्त न गोठू देणारे औषध आधीच मोजून घातलेले असते; तपासताना तेवढ्याचा असर काढून मग रक्त गोठवतात. रक्त कमी पडले की औषध जास्त होते आणि चांगले रक्तही उशिरा गोठते.

४. अर्जदार नवी नळी घेऊन जिना धावत चढली. डॉक्टरसाहेब म्हणाले, "मॅडम, मी तुमच्याच आकड्यावर बोललो." अर्जदार म्हणाली, "आकडा माझाच आहे साहेब, आणि तोच चुकलाय. मला पुन्हा रक्त घेऊ द्या." आवाज चढला होता, हे मान्य आहे. दुसऱ्या वेळी अठरा सेकंद आले. डॉक्टरसाहेबांनी लगेच रक्त गोठायला मदत करणारा प्लाझ्मा मागवला, दुपारी शस्त्रक्रिया झाली. आता मुलगी आईला ओळखते. उजवा हात अजून उचलत नाही.

५. खुलासा येथे संपायला हवा होता. परंतु त्या दिवसापासून अर्जदाराचे कशात चित्त लागत नाही. घरी भाकरी तव्यावर करपते, मुले हाका मारतात त्या ऐकू येत नाहीत. तिने जूनपासूनचे रजिस्टर काढून पाहिले. डोक्याला मार लागलेल्यांचे पंचविसाच्या वरचे पाच रिपोर्ट तिच्या सहीचे आहेत. त्यांतल्या दोन नळ्या कमी भरल्या होत्या, हे तिला तेव्हाही दिसले होते. भूकंपाच्या वेळी ती लातूरला नवशिकी होती. तेव्हा नळी परत पाठवली तर दुसरे रक्त मिळेपर्यंत माणूस राहील याचा भरवसा नसे. येईल ते तपासायचे. ती सवय अंगात राहिली. हे कारण आहे, सबब नाही.

६. त्या दोघांपैकी एक रुग्ण येथेच दगावला. दुसरा हिमायतनगरचा मुनीब, वय एकोणीस. दि. ४ जुलै रोजी त्याचा श्वास चालू असताना वडील त्याला जीपमध्ये घालून घरी घेऊन गेले. त्याचा आकडा खराही असेल. तक्ता खोटा आहे असे अर्जदाराचे म्हणणे नाही. पण तिला ते माहीत नाही, आणि आता कळण्याचा मार्ग इथे बसून नाही.

७. सबब, मुनीबचा पत्ता केसपेपरवरून मिळावा व २९ आणि ३० ऑगस्टची रजा मंजूर व्हावी. तो हयात असेल तर अर्जदार त्याला इथे घेऊन येईल. नसेल तर त्याच्या आईवडिलांपुढे बसून जे झाले ते सांगेल. नोटीस मागे घ्यावी अशी तिची मागणी नाही. रजा नामंजूर झाली तरी ती गुरुवारी सकाळच्या एसटीने जाणार आहे. दुसरी नोटीस तयार ठेवण्यास हरकत नाही.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत,
शेख नाझनीन मकसूद
रक्त तपासनीस
नांदेड, दि. २६ ऑगस्ट २००२

सोबत : १. ऋतुजाचे दोन्ही रिपोर्ट. २. रजिस्टरच्या पाच पानांच्या नकला.