ठमी माझ्या नावावर झाली, त्याची हकिगत

पारगाव, ता. आंबेगाव
गुढीपाडव्यानंतरचा रविवार

तीर्थरूप चांगदेवदादांस उज्ज्वलाचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व सुखरूप आहोत. तुम्हीही असाल असं धरून चालते, कारण नसता तर तुम्ही कळवलं असतं, आणि तेही सविस्तर. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात. लोणचं पोचल्याचं हर्षालीकडून समजलं, तुमच्याकडून नाही. फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

विषय तुमच्या याच कन्येचा, हर्षालीचा आहे. दिवाळीत आली तेव्हा तिनं वस्तीवरच्या ठमी कुत्रीच्या मानेत सुईनं चिप बसवली. (जनावरांची डॉक्टर झाली हे उत्तमच, पण सुट्टीत माणूस स्वस्थ बसतो.) आता ठमी कुणाची, असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. सकाळची भाकरी बयाबाईकडे, दुपारी सावली जानकूच्या गोठ्यात आणि संध्याकाळी मुक्काम माझ्या ओट्यावर. हर्षालीला मात्र नोंदीसाठी एकच मालक आणि एकच नंबर हवा होता. जो तो दुसऱ्याचं नाव पुढं करू लागला. शेवटी जानकू म्हणाला, "आक्कांचं नाव घाला. त्यांचा मोबाईल कायम चार्ज असतो." गुणाची शिक्षा होते ती अशी.

त्याच आठवड्यात ठमीनं बयाबाईची अंड्यावर आलेली तलंग कोंबडी खाल्ली. पूर्वी असं झालं की बयाबाई दोन शिव्या हासडून मोकळी होत असे. आता ती पदर खोचून माझ्या दारात उभी. "उज्ज्वलाबाई, तुमच्या कुत्रीनं माझी तलंग खाल्ली." तुमच्या! आदल्या रात्री तिच्याच चुलीपाशी झोपलेली कुत्री सकाळी माझी झाली होती. मी तलंग भरून दिली. मग शेजारच्या गेणभाऊंची चावलेली चप्पल आली. मग जानकूच्या वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगा. (त्या त्याच्या शेळीनं खाल्ल्या हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण शेळीला चिप नव्हती.)

आणि संक्रांतीच्या आठवड्यात ठमी नाहीशी झाली.

दादा, तुम्ही पुण्यात राहता, म्हणून लिहिते. ऊसतोड चालू झाली की बिबट्याचा आडोसा जातो आणि तो वस्तीच्या कडेला येतो. तिन्हीसांजेला ठमी उसाच्या बांधाकडे तोंड करून भुंकली की आया पोरांना आत ओढत. ती गेल्यावर पोरं पाच वाजताच घरात कोंडली जाऊ लागली. ठमीलाच बिबट्यानं नेलं, असं सगळे धरून चालले होते. एकटा जानकू खुशीत होता.

"आक्का, आतमधी सिमकार्ड हाय न्हवं? मोबाईलवर बघा की, कुठं हाय ती."

मी त्याला समजावलं, की चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात फक्त एक नंबर असतो, ती आपणहून काही सांगत नाही; कुत्री समोर धरून मानेवरून यंत्र फिरवलं तरच तो नंबर दिसतो.

"म्हंजी ती सापडायला आधी ती सापडाया पायजे?"

बी.ए.ला मला तर्कशास्त्र होतं. तरी मी चहा टाकायला आत गेले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी फोन आला. "वनखात्यातून बोलतोय. तुमच्या नावावरचं जनावर जुन्नरला सापडलंय." मी ठणकावून सांगितलं, की बिबट्या सरकारचा असतो, तो माझ्या नावावर करणारे तुम्ही कोण? तो बिचारा म्हणाला, "बाई, कुत्री आहे."

घडलं होतं ते असं. गादीवाले वलीभाई जुन्नरहून टेंपो घेऊन आमच्याकडे गाद्या भरायला आले होते. ठमी त्यांच्या कापसात जाऊन झोपली आणि जुन्नरला जागी झाली. वलीभाई त्या दिवशी चार गावं फिरलेले. कुत्री कुठल्या गावची, त्यांना काय कळणार? त्यांच्या बायकोनं, रहिमाबीनं, तिला ठेवून घेतलं आणि इंजेक्शन द्यायला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं वनखात्याचा माणूस आला होता. पकडलेल्या बिबट्यांनाही अशीच चिप बसवतात, त्यामुळे यंत्र त्याच्यापाशी होतं. रहिमाबी त्याच्या मागेच लागली, "हिच्यावरनं फिरवून बघा. खाऊनपिऊन सुखी दिसते, कुणाची तरी असणार." यंत्र वाजलं, आणि त्या नंबरावरून माझं नाव निघालं.

मी पहिल्या एसटीनं गेले. ठमी कापसाच्या ढिगात राणीसारखी पसरलेली (तिथं तिचं नाव शहजादी होतं) आणि पोटाशी चार पिल्लं. मला बघून शेपूट आपटली, उठली मात्र नाही. मी रिक्षा थांबवून ठेवली होती. रहिमाबी दारात आडवी आली.

"बाई, बाळंतीण हाय ती. बाळंतिणीला कुनी रिक्षात घालतं का?"

माझ्याशी या सुरात बोलणारं माणूस मला फार वर्षांनी भेटलं. मी रिक्षा परत पाठवली, चहा घेतला आणि ठमीला तिथंच ठेवून आले. पुढं दर रविवारी जुन्नरला गेले, केवळ देखरेखीसाठी. गेल्या आठवड्यात वलीभाईंनी ठमीचं बिऱ्हाड टेंपोतून पोचतं केलं. संध्याकाळी ठमी बांधाकडे तोंड करून भुंकली, तेव्हा गेणभाऊंनी हातातला चहा ठेवून टाळ्या वाजवल्या.

तेव्हा हर्षालीला बजावून सांगावं, की या कुत्रीची जबाबदारी मला झेपणारी नाही. त्या चिपवरून माझं नाव ताबडतोब काढावं.

तुमची धाकटी बहीण,
उज्ज्वला

ता. क. नाव काढू नये. त्याखाली रहिमाबीचाही नंबर घालता आला तर पाहावं.

ता. क. २. पिल्लं आता दूधभात खातात. एक रहिमाबीनं आधीच ठेवून घेतलं. एक बयाबाईनं मागितलं, तेही चिपसकट, स्वतःच्या नावाची. एक माझ्याकडे राहील.

ता. क. ३. हे पत्र वलीभाईंच्या हाती देत आहे. ते पुण्याला कापूस आणायला येताहेत. पत्राबरोबर एक झाकणाची टोपली आहे. झाकण हळू उघडावं. "फ्लॅटमध्ये कसं जमेल" वगैरे वलीभाईंना ऐकवू नये. टोपली परत आणायची नाही असं त्यांना सांगून ठेवलं आहे. हर्षाली मंगळवारी सुई घेऊन येईल. मालक म्हणून तुमचं नाव आणि नंबर मी तिला कळवला आहे. मोबाईल चार्ज ठेवावा.