खालच्या आळीचा नळ

रविवार, ६ एप्रिल १९८६. सकाळी ७.
महिला मंडळाने १ मेच्या व्याख्यानासाठी माझं नाव नक्की केलं. विषय : ‘दारिद्र्य हे गुन्ह्यांचं आणि सामाजिक उद्रेकाचं मूळ आहे काय?’ माझं उत्तर तयार आहे. नाही. मूळ बेशिस्त. १९५१ साली समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाले, सेकंड क्लासात. तेव्हापासून मत बदलावं लागलेलं नाही.
पुरावा घराजवळच आहे. आमच्या उताराखाली, मांडवीच्या खालच्या आळीत, एकच सार्वजनिक नळ. रोज भांडणं.
संकल्प : महिनाभर निरीक्षण. कोणताही पूर्वग्रह न ठेवता बेशिस्त शोधायची.

सोमवार, ७ एप्रिल.
भांडी घासणारी सगुणा आज पुन्हा पाऊण तास उशिरा. सबब : नळाला पाणी नव्हतं. बजावलं, आणखी दोनदा उशीर झाला की काम बंद. तर म्हणते, “बाई, सहाला पाणी येतं. सव्वासहाला तुमची मोटार घरघरली की आमच्या नळाचा जीव जातो.”
आपल्या अडचणीचं कारण दुसऱ्याच्या घरात शोधायचं! हे वाक्य व्याख्यानात घेणे.
मोटारीबद्दल खुलासा, फक्त स्वतःसाठी. ह्यांनी गेल्या उन्हाळ्यात आमच्या नळाला अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार जोडली. हे पी.डब्ल्यू.डी.त ओव्हरसिअर होते, म्हणजे काम पक्कं. नगरपालिकेची परवानगी घेतली नाही, कारण त्यांचं कागदी काम उगाच वाढतं. पाणी आपल्याच नळातून येतं. मोटार फक्त त्याला शिस्त लावते.

गुरुवार, १० एप्रिल. पाडवा.
अंगण दोनदा धुतलं. टाकी काठोकाठ. खाली मात्र सणाच्या दिवशी मारामारी! हौसाने सखूच्या डोक्यात कळशी घातली. तीन टाके.
चौकशीला गेले. सखू पायरीवर डोकं बांधून बसलेली आणि हौसा तिला पदराने वारा घालत होती. हौसा म्हणाली, “मी मारलं नाय गो बाई, ओढाओढीत बसली.” सखू म्हणाली, “बसली कशी? घातलीन!” आणि दोघी हसल्या. मी कारण विचारलं. दोघी एकदम म्हणाल्या, “पाणी.”
निष्कर्ष : दोघी सारख्याच गरीब, तरी मारलं एकीनेच. म्हणजे गरिबी हे कारण असूच शकत नाही. इतकं साधं आहे, आणि लोक यावर ग्रंथ लिहितात.

सोमवार, १४ एप्रिल.
उपाययोजना सुरू. तुपाच्या रिकाम्या डब्याचे पत्रे कापून नंबरचे बिल्ले केले. बोट कापलं. नियम : बिल्ल्याप्रमाणे पाणी, मध्ये घुसायचं नाही, उशिरा येणारी शेवटी. बिल्ले वाटायचं काम सगुणाकडे, कारण तिला आकडे वाचता येतात. (त्यामुळे तिला आज उशीर झाला. धरला. नियम म्हणजे नियम.)
बारा नंबरला पाणी गेलं. एकतीस बायका बिल्ले हातात घेऊन उभ्या. एक म्हणाली, “बाई, हा बिल्ला पिळू की चावू?” उपहास हे बेशिस्तीचं पहिलं लक्षण.
नोंद : पाणी गेलं ६.२०. काल ६.१८. परवा ६.२०. पाण्याच्या जाण्यातसुद्धा शिस्त आहे. माणसांत नाही.

सोमवार, २१ एप्रिल. दुपारी.
उद्रेक झाला. हंडामोर्चा! चाळीसेक बायका रिकामे हंडे बडवत नगरपालिकेवर गेल्या. सर्वांत पुढे सगुणा. कामाला आलीच नाही, हा तिसरा उशीर. परत येताना गेटाशी गाठून सांगितलं, काम बंद. तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, “बरं, बाई. दोन घरं गेली पाण्यापायी, हे तिसरं.” पुढच्या बाया थांबल्या होत्या, त्यांच्यात गेली.
भांडी स्वतः घासली. चार बादल्या लागल्या.
हे म्हणाले, आठ दिवस मोटार बंद ठेवून बघू या का? मी सांगितलं, निरीक्षणात मध्येच ढवळाढवळ केली तर निष्कर्ष बिघडतो.

मंगळवार, २२ एप्रिल.
नुसतं बोलून भागणार नाही. मुख्याधिकाऱ्यांना अर्ज दिला, कार्बन कॉपी ठेवली. ‘खालच्या आळीत कोणीतरी पाणी चोरत असावे. लाइनीवर वरपासून खालपर्यंत घरोघर तपासणी व्हावी आणि गुन्हेगार कोणीही असो, त्याची गय करू नये.’
ह्यांनी विचारलं, “‘वरपासून’ कशाला लिहिलंस?” मी म्हटलं, निःपक्षपातीपणा. हे चपला घालून जेट्टीपर्यंत दोनदा जाऊन आले. पुरुषांना नागरी कर्तव्याची भीती वाटते.

शनिवार, २६ एप्रिल. सकाळी ६.५०.
तत्पर कारभार! अधिकारी आणि विठू फिटर आले. लाइन वरून येते, त्यामुळे पहिलं घर आमचं. मी स्वतः दार उघडून त्यांचं अभिनंदन केलं.
मोटार चालू होती.
अधिकाऱ्याने माझाच अर्ज काढला आणि शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. विठूने पाना लावला. कनेक्शन महिनाभर बंद, मोटार जप्त. हे मागच्या दारी उभे. मी ठणकावून सांगितलं, “अहो, आम्ही काय गरीब आहोत पाणी चोरायला?”
मंडळाच्या फळ्यावर विषय वाचलेला विठू म्हणाला, “मग बाई, तुमचं व्याख्यान इथंच आटपलं.”
हे वाक्य माझ्या तोंडून घाईत गेलं. व्याख्यानात घेणे नाही.

मंगळवार, २९ एप्रिल.
विहिरीचं पाणी मचूळ. डाळ शिजत नाही, चहा फाटतो. मंडळाच्या अध्यक्ष मालनताई येऊन गेल्या. या वर्षी विषय बदलला आहे म्हणे. ‘उन्हाळी सरबते.’ वक्त्याही बदलल्या. सत्य न पेलणाऱ्या संस्था अशाच चालतात. मी मुळीच खचलेले नाही.

गुरुवार, १ मे. सकाळी ९.
आज स्वतः कळशी घेऊन खाली गेले. सगुणा दगडावर बिल्ले घेऊन बसलेली. मी हळूच म्हटलं, माझं वय पाहून पुढचा नंबर दे. ती म्हणाली, “नियम तुमचाच ना, बाई? उशिरा येणारी शेवटी.” त्रेचाळीस नंबर.
वीस नंबरच्या सुमाराला माझे पाय आपोआप पुढे गेले. ह्याला बेशिस्त म्हणता येणार नाही, कळशी रिकामी होती. हौसा वळून म्हणाली, “मागं व्हा गो बाई, माझी कळशी चुकून बसते.” सगळी आळी हसली. सखू सर्वांत जास्त.
पाणी त्रेचाळीस नंबरपर्यंत पुरलं. धारही जोरात. रविवारपासून रोज पुरतं, त्याआधी वर्षभर कधीच पुरलं नव्हतं म्हणतात. म्हणजे बिल्ल्यांचा उपयोग अखेर सिद्ध झाला. कोणी बोलून दाखवलं नाही.
सगुणाला कामावर परत ये म्हटलं. म्हणाली, “येईन, पण पाणी भरून झाल्यावर. चालेल?” चालेल म्हटलं.
चढावर अर्धी कळशी सांडली. चहाला नऊ वाजले. असं रोज चालणार नाही.
संकल्प : उद्या पहाटे साडेचारला जाऊन नंबर एक घ्यायचा. हे म्हणाले, एक नंबर रोज हौसा घेते. बघू या. माळ्यावरून आईची पितळी कळशी काढली आहे. चांगली जड आहे.