पहिल्या रांगेतील टॉवेल टाकलेली जागा

रविवार, दि. ४ मे २००३, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. टीव्हीवर टेनिसचा जुना सामना लागला आहे. आवाज बंद ठेवून, पडद्याकडे पाठ करून, मी जमिनीवर बसून हे लिहीत आहे.

मी, वीरेश बसलिंगाप्पा हुक्केरी, वय २४, शिक्षण नववी नापास, धंदा पंखे व मोटारींचे वाइंडिंग, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर. मला ताप नाही. मी पीत नाही. सतराचा पाढा आत्ताच न चुकता म्हणून पाहिला. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे पुढीलप्रमाणे व्हावे. हे मला कुणी सांगितलेले नाही, कुणी धमकावलेलेही नाही.

१. वाइंडिंगचे हातमशीन, मल्टिमीटर आणि तांब्याच्या तारेची रिळे भागीदार गुंडू यास द्यावीत. मल्टिमीटरची लाल वायर सैल आहे, आकडा आला नाही तर हलवून बघावी.

२. पोस्टातील रुपये ९,४०० माझी आई बसम्मा, म्हणजे अव्वा, हिला.

३. टीव्हीचा रिमोट माझे दाजी शशिधर यांना. टीव्ही नाही, फक्त रिमोट. दर रविवारी पेठ वडगावहून येऊन त्यांनी तो आपल्याच मांडीवर ठेवला. टीव्ही कुणालाच देऊ नये. कारण खालील कलमात आहे.

४. वेताची खुर्ची. ही माझे वडील अप्पा यांची. १९९८ साली एका रविवारी दुपारी ते हिच्यावर बसून आमच्यासोबत भारताचा सामना बघत होते. अठरा धावा हव्या होत्या, दोन गडी शिल्लक होते. अप्पा जागेवरून उठले की विकेट जाते, असा आमच्या घरातला नियम होता. तो मीच काढलेला.

अप्पा म्हणाले, "छातीत जरा दाटल्यागत हुतंय रं. उठून पाणी पितो."

मी ओरडलो, "अप्पा, हलू नगासा! तुमी उठलासा की विकेट जात्या!"

दाजी हसून म्हणाले, "मामा, देशासाठी दोन ओव्हर बसा की!"

अप्पाही हसले आणि बसले. आपण जिंकलो. मी आणि दाजी फटाके लावायला गल्लीत पळालो. परत आलो तेव्हा अप्पा तसेच बसलेले होते, डोळे टीव्हीवर. दुसऱ्या दिवशी माती दिली. आम्हा लिंगायतांत माणसाला आडवे करत नाहीत, बसवूनच पुरतात. म्हणजे सामना संपला, आता उठा, हे त्यांना शेवटपर्यंत कुणीच सांगितले नाही.

मला खेळातले फार कळत नाही. फुटबॉलमधली ऑफसाइड अजून समजलेली नाही आणि टेनिसमध्ये तीसनंतर चाळीस का, हेही नाही. तरी सुट्टीच्या दिवशी जे लागेल ते बघतो आणि नजर प्रेक्षकांवर राहते. १९९९ च्या जुलैत टेनिसच्या गोऱ्या लोकांत अप्पा बसलेले दिसले. सतरावी रांग. सगळे टाळ्या वाजवत होते, ते नव्हते. शेजारच्या जागेवर त्यांनी आपला लाल काठाचा टॉवेल टाकला होता, एसटीत आपल्या माणसासाठी जागा धरतात तसा.

त्यानंतर वहीत टिपून ठेवले आहे. फुटबॉल, अकरावी रांग. हॉकी, आठवी. कुस्ती, चौथी. अव्वाला बोट दाखवून विचारले. ती म्हणाली, "कुठं रं? मला नुसती परकी माणसं दिसत्यात. डोळं तपासून घे."

काल ते पहिल्या रांगेत होते. त्यांनी माझ्याकडे बघितले आणि टॉवेल उचलून घेतला.

तेवढ्यात केबलवाले मुनव्वरभाई पैशाला आले. मी त्यांना काहीही न सांगता फक्त पहिली रांग बघायला लावली.

"त्यो टॉवेलवाला म्हातारा व्हय?" ते म्हणाले. "आनि त्येच्या बाजूला कोन हाय? तुज्यागतच दिसतोय की रं."

मला ती जागा रिकामी दिसत होती.

म्हणून हे लिहिणे. खुर्ची मोडू नये, विकू नये, तिच्यावर कुणी बसू नये.

५. मला माती देताना आडवे ठेवावे. अव्वाला राग येईल, तरी ठेवावे. आणि त्याआधी कुणीतरी अप्पांच्या मातीजवळ जाऊन मोठ्याने "मॅच संपली, उठा" असे म्हणावे. मला पाच वर्षांत ते जमलेले नाही. म्हटले की त्यांना बसवून ठेवणारा मीच, हे कबूल होते.

६. हे कलम मागाहून जोडले आहे. चार वाजता साक्षीदार आले. मुनव्वरभाईंनी पाचवे कलम वाचले आणि ते म्हणाले, "मेल्यावर दुसऱ्याकडनं कशाला? तुजा बाप हाय. आत्ता म्हन की!"

मी टीव्हीकडे तोंड केले. अप्पा पहिल्या रांगेत होते. मी म्हणालो, "अप्पा, मॅच संपली. जिंकलो आपण. उठा."

ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, नेहमीसारखे. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि पायऱ्या चढून दिसेनासे झाले.

शेजारची जागा आता मलाही दिसते. तिथे मी बसलो आहे. अंगात हाच शर्ट आहे. तिथला मी हलत नाही, कारण हलू नको असे त्याला कुणी सांगितलेले असावे. त्याला "ऊठ" म्हणण्याचा हक्क मी अव्वाला देत आहे. ती आज बिद्रीला गेली आहे, सहाच्या गाडीने येईल. आल्याबरोबर, पाय धुण्याआधी, तिने तेवढे म्हणावे. तोवर टीव्ही बंद करू नये.

साक्षीदार: १. मुनव्वर मुजावर (सही). २. गुंडू चौगुले (सही. यास पडद्यावर काही दिसले नाही, असे तो लिहायला सांगतो.)

लिहून देणार: वीरेश बसलिंगाप्पा हुक्केरी (सही)
कोल्हापूर, दि. ४ मे २००३, सायंकाळी ५.२०

हिशेब:
खर्च: कोरे कागद व पेन, रुपये १४.
देणे: मुनव्वरभाईंना एप्रिलचे केबलचे रुपये १५०.
देणे: अप्पांना एक तांब्या पाणी.